न टाकलेला चेंडू

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि पाइक क्रीक हेरन्स चाहता मंडळाचा भार गेली कित्येक वर्षं आपल्या खांद्यावर वाहणाऱ्या माननीय व्हर्ना ओल्टमन्सबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या गावाचे महापौर श्री. जेराल्ड थीसेन, क्लबचे मालक श्री. डेल व्हूर्हीस, जेवणाआधी ज्यांनी इतकी सुंदर आणि, देवाची कृपा, इतकी छोटी प्रार्थना म्हटली ते आपले नवे पाद्रीबुवा रेव्हरंड लिंडक्विस्ट, आजचे सत्कारमूर्ती ऑरिन टॅकेट, त्यांच्या पत्नी कोरा, त्यांचे सासरे एलवुड, आणि बाहेर गुडघाभर बर्फ पडलेलं असताना घरची शेगडी सोडून या सभागृहात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझं नाव मर्ल डॉबिन्स. नाव कदाचित कानावरून गेलं असेल, पण चेहरा ओळखीचा नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी बुलपेनमधला कॅचर, म्हणजे राखीव पिचर सराव करतात तिथे त्यांचे चेंडू झेलणारा. माझा चेहरा जाळीच्या मुखवट्याआड, आणि तो मुखवटा मैदानाच्या कुंपणाआड. अशा माणसाला भाषणाला उभं करण्याची कल्पना व्हर्नाबाईंची. त्यांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. महापौरसाहेबांनाही दहाच दिली होती. पण त्यांच्या भाषणात सांडपाण्याची नवी योजना आल्यामुळे ते थोडं लांबलं. मी सांडपाण्याविषयी काही बोलणार नाही.

मघाशी हॅम वाढून घेताना पाद्रीबुवांनी माझ्यापाशी एक कबुली दिली. खरं तर कबुली त्यांनी ऐकायची असते, पण आज उलटं झालं. ते म्हणाले, "मर्ल, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तुमचा हा मित्र नेमकं करतो तरी काय?" त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतोय. आता आपल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे असं आपण समजतो, तरी पाद्रीबुवांसाठी सांगतो. त्या निमित्ताने आपलीही उजळणी होईल.

पाद्रीबुवा, फलंदाजाला चेंडू टाकतो तो पिचर, आणि सामना सुरू करतो तो पिचर वेगळा. त्याचं नाव फलकावर असतं, त्याच्यासाठी लोक तिकीट काढतात. ऑरिनला बोलावणं येतं ते दूध उतू गेल्यावर. आधीच्या पिचरने बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, समोरच्यांची माणसं चढू दिलेली असतात, समोर धिप्पाड फलंदाज उभा असतो, आणि मग मॅनेजर फोन उचलतो. हा फोन कुंपणापलीकडच्या बुलपेनमध्ये वाजतो. तिथे एका बाकावर सहा-सात पिचर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले असतात. आम्ही त्या जागेला कोंडवाडाच म्हणतो. फोन वाजला की सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. मग एकाचं नाव पुकारलं जातं. तो उठतो, माझ्याकडे चेंडू टाकून हात मोकळा करतो, आणि पुष्कळदा काय होतं? पुन्हा फोन वाजतो. "बस खाली. नको." हात तापवून परत बाकावर. असे टाकलेले चेंडू कुठेही मोजले जात नाहीत.

त्यातून ऑरिन डावखुरा. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर जड जातो, म्हणून त्याचा उपयोग एकाच फलंदाजापुरता. तेवढा एक फलंदाज झाला की मॅनेजर येतो, हातातला चेंडू काढून घेतो, पाठीवर थाप मारतो, झालं. कोराशी लग्न ठरलं तेव्हा एलवुड यांनी भावी जावयाला व्हरांड्यात बसवून विचारलं होतं, "पोरा, तू दिवसभर करतोस काय?"

"वाट बघतो."

"आणि मग?"

"मग कधीकधी तीन-चार चेंडू टाकतो."

एलवुड यांचा ट्रॅक्टरचा व्यापार. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस. ते आत गेले आणि बायकोला म्हणाले, पोरगा बरा दिसतो, पण डोक्याचं एकदा बघून घ्यायला हवं.

एलवुड, हसताय म्हणजे आठवतंय.

तर, सज्जनहो, या वाट बघण्यात माणसाची बावीस वर्षं गेली. केंटकीच्या डोंगरातलं पोर. कुठल्याशा संघाने घेतलं, सोडलं. दुसऱ्याने घेतलं, त्यानेही सोडलं. टेक्सासच्या सीमेवर खेळला, तिथे इतकं ऊन होतं की चेंडू जमिनीवर ठेवून उचलला तरी हात भाजायचा. मेनमध्ये खेळला, जिथे एप्रिल महिन्यात मैदानावरचा बर्फ खेळाडूंनीच फावड्याने काढला. एक हिवाळा मेक्सिकोत काढला. बसमध्ये झोपला, लोकांच्या तळघरात राहिला. इथे आल्यावर व्हर्नाबाईंच्या तळघरात राहिला, आणि त्या घराला ऊब देणारी भट्टी त्यानेच दुरुस्त केली हे व्हर्नाबाईंनी मला मघाशी तीनदा सांगितलं. किती संघ झाले, हे मी एकदा त्यालाच विचारलं. तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच म्हणाला, "त्या ओक्लाहोमाच्या संघाला धरायचं का? मी पोहोचलो त्याच दिवशी तो संघ बंद पडला."

मला त्याचं आश्चर्य वाटायचं. आजही वाटतं, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगणार आहे. मी हजारो पिचर पाहिले. त्याच्याहून वेगवान कितीतरी. पण दर वसंतात पुन्हा शून्यातून नाव सांगायचं, पुन्हा नव्या मॅनेजरला "मी डावखुरा" म्हणून सांगायचं, आणि जिभेवर कडवटपणाचा थेंब नाही, हे कसं जमतं? मला जमलं नसतं. मी तर माझ्या गुडघ्यांवरही रोज चिडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण व्हर्नाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आहे.

आमची पहिली गाठ टेक्सासच्या त्या भट्टीत पडली. तिथे लक्षात आलं की या माणसाला एक खोड आहे. पाद्रीबुवा, पहिल्या बेसवर माणूस उभा असला की तो दुसऱ्या बेसकडे पळण्याच्या बेतात थोडा पुढे सरकून राहतो. पिचरने फलंदाजाकडे न फेकता अचानक पहिल्या बेसकडे फेकलं आणि तो परतायच्या आत तिथल्या खेळाडूने चेंडू धरलेला ग्लोव्ह त्याला टेकवला, तर तो बाद. डावखुऱ्या पिचरचं तोंडच पहिल्या बेसकडे असतं, म्हणून हे त्याचं हक्काचं शस्त्र. आणि ऑरिनची ती फेक म्हणजे काय सांगू? खिडकीतून शेजारणीला साबण द्यावा तशी. पळणारे चालत चालत परत यायचे. आमचा तिथला मॅनेजर रेनफ्रो नावाचा तोंडाळ गृहस्थ होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "टॅकेट, माझी आजी याहून जोरात फेकते. आणि तिला जाऊन सात वर्षं झाली."

ऑरिन म्हणाला, "बघतो, साहेब. सुधारतो."

पण सुधारणा शून्य. पळणारे त्याच्यावर बेस चोरायचे, सामने जायचे. आधीच्या एका संघाने तर त्याला त्याच कारणावरून सोडलं होतं. मग एका दुपारी, मैदान रिकामं असताना, तो मला म्हणाला, "मर्ल, ती बादली पहिल्या बेसच्या जागी ठेव. आणि माझ्याकडे नीट बघ. मी आता बादलीकडे फेकणार आहे."

मी बघत होतो. काय होणार ते मला आधीच सांगितलेलं. त्याने उजवा पाय उचलला, खांदा वळवला, डोळे माझ्या ग्लोव्हवर लावले, आणि मी चेंडू घ्यायला हात पुढे केला. चेंडू बादलीवर आदळला होता. खणकन आवाज आला तेव्हा मला कळलं. मंडळी, मी तोपर्यंत अर्धं आयुष्य पिचरकडे बघण्यात घालवलेलं होतं, मला सांगून सवरून त्याने फसवलं.

"ही कुणाकुणाला दाखवलीस?" मी विचारलं.

"तुला."

"अरे, मग त्या रेनफ्रोच्या शिव्या कशाला खातोस? ही दाखव. उद्याच्या उद्या वर, मोठ्या लीगमध्ये जाशील."

तो बादलीपाशी पडलेला चेंडू उचलत म्हणाला, "ही एकदाच चालते, मर्ल. परवापर्यंत सगळ्या लीगला कळेल. ते दोन पावलं मागे उभे राहतील आणि ही संपली. ती काय टेक्सासमध्ये संपवू?"

तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. मलाही वाटला, आणि मी तो तसा त्याला म्हटलाही. माणसाने नोकरी जाईपर्यंत आपलं चांगलं नाणं दडवून ठेवायचं आणि खोटं चालवायचं? पण तो ऐकेना. लीगमध्ये बातमी पक्की झाली, की टॅकेटची फेक मंद आहे, त्याच्यावर खुशाल पळा. मला वाटतं ती बातमी पक्की होऊ देण्यातच त्याला रस होता.

त्या दुपारी त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. आजचा सगळा समारंभ तिच्याभोवती आहे, म्हणून लक्ष द्या. मी विचारलं, बाबा रे, तुला या सगळ्यातून हवंय तरी काय? तो म्हणाला, "मोठ्या लीगच्या मैदानावर फलंदाजाला एक चेंडू टाकायचाय. एकच. त्याने फटका मारून छपरापलीकडे घालवला तरी चालेल. पण मी टाकलेला असला पाहिजे."

बस्स, एवढंच. याहून लहान मागणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

पुढे मी नशिबाने वर गेलो, मोठ्या लीगच्या संघात बुलपेनचा कॅचर म्हणून. ऑरिन खालीच राहिला. आणि एका जुलैमध्ये आमच्या डावखुऱ्या पिचरची कंबर धरली. दोन आठवड्यांसाठी कुणीतरी हवं होतं. सकाळी मी कोंडवाड्याचं दार उघडतोय तोच मागून आवाज आला, "मर्ल, इथे बिया मिळतात का?" वळून बघतो तर पिशवी घेऊन ऑरिन. चौतीस वर्षांचा. बाकीची पोरं त्याला पहिल्यांदा मैदानाची देखभाल करणारा समजली.

मी आनंदाने नाचायचाच राहिलो, कारण माझे गुडघे.

आणि मग सुरू झालं ते मी शत्रूच्याही वाट्याला येऊ नये म्हणेन. फोन वाजला, "टॅकेट, ऊठ." तो उठला, हात तापवला. फोन वाजला, "बस." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एका सामन्यात दोनदा. मी त्याचे चेंडू घेत होतो, तेव्हा ते ग्लोव्हमध्ये असे बसत होते की माझ्या तळव्याला समाधान वाटायचं. आणि दार काही उघडेना. एकदा फोन वाजला, नाव पुकारलं, त्याने कुंपणाच्या कडीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात समोरच्या फलंदाजाने झेल देऊन डाव संपवला. त्याने कडी पुन्हा लावली आणि बाकावर येऊन बसला. बाकावर कुणी कुणाकडे बघितलं नाही.

दोन आठवडे संपत आले. ज्याची कंबर धरली होती तो दुसऱ्या दिवशी परतणार, हे सगळ्यांना माहीत झालेलं. बुधवारची दुपार, घरच्या मैदानावरचा सामना. कोरा आणि एलवुड रात्रभर गाडी चालवून आलेले. आता नाही तर कधीच नाही, हे तिथे शेंगा विकणाऱ्यालाही कळलं असतं.

आठवा डाव. आम्ही एका धावेने पुढे. समोरच्यांचे दोन बाद; तिसरा बाद झाला की त्यांचा डाव संपतो. पण त्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर, आणि दुसरा पहिल्या बेसवर; हा पहिल्यावरचा म्हणजे क्विन मॅबरी, त्या वर्षीचा लीगमधला सगळ्यात चपळ माणूस. फलंदाजीला टाय लोमॅक्स. डावखुरा, आणि दंड माझ्या मांडीएवढे. फोन वाजला. आम्ही सगळे बुटांकडे बघतोय. कोचने फोन ठेवला आणि म्हणाला, "टॅकेट. जा."

"ऊठ" नाही. "जा."

कोंडवाड्यातून जाणाऱ्याच्या हातात शेवटचा चेंडू कॅचर देतो, अशी आमची रीत. मी दिला. पुष्कळ काही म्हणायचं मनात होतं, पण तोंडातून एकच शब्द निघाला. "टाक." त्याने मान डोलावली आणि दार उघडून तो हिरवळीवर गेला.

चाळीस हजार माणसं. त्याला ओळखणारी तिघं. उंचवट्यावर गेल्यावर नव्या पिचरला सरावाचे आठ चेंडू टाकायला मिळतात, ते त्याने टाकले. ते धरायचे की नाही यावर मी आणि एलवुड दर नाताळात भांडतो. नियमाने धरत नाहीत, एलवुड. फलंदाज समोर नसतो.

मग लोमॅक्स उभा राहिला. आणि ऑरिनने काय केलं? त्याने पहिल्या बेसकडे चेंडू फेकला, आपला नेहमीचा, शेजारणीला साबण देण्याचा. मॅबरी चालत परतला. लोकांनी हुर्यो उडवली. मॅबरी आमच्या पहिल्या बेसवाल्याकडे बघून हसला. कारण त्याच्या संघाने त्याला सांगूनच ठेवलं होतं, या म्हाताऱ्याची फेक मंद आहे म्हणून. चेंडू ऑरिनकडे परत गेला, आणि मॅबरी मघापेक्षा एक पाऊल जास्त पुढे येऊन उभा राहिला.

मैदानावरच्या कॅचरने खूण केली. बाहेर जाणारा, वळणारा चेंडू. ऑरिनचा सगळ्यात चांगला. ऑरिनने होकाराची मान डोलावली. हात छातीपाशी आणले आणि थांबला.

मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली होती. तो चेंडू मला माहीत होता. मी तो हजारो वेळा झेलला होता. लोमॅक्सला तो लागला नसता असं मला वाटत होतं, आणि लागला असता तरी काय? टाकला तर गेला असता. मी पुटपुटत होतो, "टाक. टाक, गड्या."

त्याने उजवा पाय उचलला. खांदा वळवला, डोळे कॅचरच्या ग्लोव्हवर. लोमॅक्सची बॅट मागे गेली, कॅचर पुढे झुकला, मी कुंपणाआड पुढे झुकलो, आणि मॅबरी दुसऱ्या बेसच्या बाजूला झुकला. फार नाही, तळहाताएवढा.

चेंडू पहिल्या बेसवर होता.

मैदानात असा सन्नाटा मी पुन्हा ऐकला नाही. मॅबरी जमिनीवर पडला, हात बेसकडे लांबवलेला, आणि आमच्या माणसाचा ग्लोव्ह त्याच्या मनगटावर टेकलेला. पण तेवढ्याने झालं असं नाही, पाद्रीबुवा. पिचरने फलंदाजाकडे टाकण्याची हालचाल सुरू करून मध्येच दिशा बदलली तर तो गुन्हा. सगळे पळणारे एकेक बेस पुढे जातात. म्हणजे तिसऱ्यावरचा चालत घरी, त्यांना एक धाव, बरोबरी. त्यांचा मॅनेजर ओरडत धावत आला, फसवलं, फसवलं म्हणत. आणि खरंच, आम्ही सगळे फसलो होतो. पंचाने हात वर करायला जो वेळ लावला तेवढ्यात मी निदान दोन वर्षांनी म्हातारा झालो. मग त्याने मूठ उंचावली. बाद. हालचाल शुद्ध. डाव संपला.

यातली जोखीम बघा. ती फेक वीतभर चुकली असती तर तिसऱ्यावरचा घरी, मॅबरीही कदाचित घरी, सामना गेला असता आणि त्याबरोबर या माणसाच्या नावाचं कायमचं हसं झालं असतं. चौतिसाव्या वर्षी, पहिल्यांदा त्या उंचवट्यावर, चाळीस हजारांच्या हुर्योत, त्याने ते केलं. नंतर पहिल्या बेसवाल्याने मला सांगितलं, की सरावाचे चेंडू टाकायला जाताना ऑरिन त्याच्या जवळून गेला आणि हळूच म्हणाला होता, "दादा, ग्लोव्ह बेसपाशीच ठेव."

आता फलंदाजी आमची, आणि पहिली पाळी पिचरची. पिचरकडून कोण धाव मागतो? मॅनेजरने त्याच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला, आणि पाठवला की पिचर सामन्याबाहेर. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आमच्या नेहमीच्या माणसाने काम संपवलं. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी कंबरवाला परत आला, आणि ऑरिन पिशवी घेऊन खाली गेला. पुन्हा वर कधीच बोलावणं आलं नाही.

तेव्हा मोठ्या लीगमधली ऑरिन टॅकेटची कारकीर्द अशी: सामना एक, बाद एक, फलंदाजाला टाकलेले चेंडू शून्य.

एलवुडचं तर आणखी वेगळं. ते त्या क्षणी सॉसेजवर मोहरी घालत होते. वर बघतात तो जावई मैदानातून चालत बाहेर येतोय. त्यांनी कोराला विचारलं, "काय गं, काढलं का त्याला?" कोरा रडत होती, म्हणून त्यांना वाटलं, काढलंच.

मी त्या दिवशी चिडलो होतो, हे खरं आहे. कपडे बदलायच्या खोलीत सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते, कुणीतरी तो चेंडूही त्याला आणून दिला. मी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि म्हटलं, "अरे लेका, टाकायचा होतास ना. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढंही तुला कुणी शिकवलं नाही?"

तो म्हणाला, "तो झुकला होता, मर्ल."

"मग?"

"मग काय? मला कशासाठी बोलावलं होतं? तो बाद व्हायला हवा होता म्हणून. तो तिथे आयता मिळत होता." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने माझीच समजूत काढली. "बघ, ती बादली कामाला आली की नाही?"

त्याचं म्हणणं पुढे खरं ठरलं. आठवड्याभरात सगळ्या लीगला कळलं. नंतर कुठलाही पळणारा त्याच्यासमोर लांब उभा राहिला नाही, आणि तेरा-चौदा वर्षं जपलेली ती फेक संपली. एकदाच चालली. ज्या दिवशी चालली त्या दिवशी तिने त्याचा तो एक चेंडू खाल्ला.

त्यानंतर तो तुमच्याकडे आला. इथलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. माझे गुडघे गेल्यावर मीही त्याच्यामागून इथे आलो, वरच्या मैदानावरून खाली, आणि मला वाईट वाटलं नाही. सात हंगाम त्याने या गावासाठी बाकावर वाट बघितली. आता येत्या मोसमापासून वर नियम बदलतोय. पिचर आला की त्याने निदान तीन फलंदाजांना तरी सामोरं जायचं, नाहीतर डाव संपेपर्यंत राहायचं. एका फलंदाजापुरत्या डावखुऱ्याचा धंदाच उठला. व्हूर्हीससाहेबांनी त्याला मोठ्या मनाने सांगितलं, तरी राहा. ऑरिनच म्हणाला, नको, आता पुरे. एकेचाळीस वय झालं आणि एलवुडनाही दुकानात माणूस हवा आहे. म्हणजे आता त्याला दिवसभर उभं राहून काम करावं लागणार. एलवुड, तुमचा सूड पुरा झाला.

व्हर्नाबाई, मला दिसलं. शेवटचंच सांगतो.

आज संध्याकाळी त्याला आणि कोराला मीच गाडीतून इथे घेऊन आलो. रस्ता निसरडा, मी सावकाश चालवत होतो. इतक्या वर्षांत मी त्याला जे विचारलं नव्हतं ते आज विचारलं, कारण उद्यापासून तो एलवुडच्या गावी असेल आणि मी इथे. मी म्हटलं, "ऑरिन, खरं सांग. आज पुन्हा तिथे उभा राहिलास, तोच लोमॅक्स समोर, तर टाकशील ना?"

त्याने खिडकीच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. कोरा मागच्या सीटवर होती.

मग तो म्हणाला, "टाकतो ना. मनात किती वेळा टाकला असेल. गाडीत, बाकावर, व्हर्नाबाईंच्या तळघरात. सुंदर वळतो, मर्ल. लोमॅक्सची बॅट जवळही येत नाही. पण मॅबरी तोवर पळालेला असतो, पुढचा चेंडू लोमॅक्स मारतो, आणि दर वेळी आपण हरतो."

कोराने मागून हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला, डाव्या. तसाच तो इथल्या दारापर्यंत होता.

सज्जनहो, स्वतःच्या मनात, जिथे कुणी बघत नाही आणि कुणी मोजत नाही, तिथेसुद्धा ज्याला फुकटचं जिंकता येत नाही, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचे चेंडू झेलायला मिळाले, याहून जास्त मला काही मिळालं नाही, आणि नकोही होतं.

व्हर्नाबाई, आपले आभार, दहाची वीस मिनिटं होऊ दिल्याबद्दल. व्हूर्हीससाहेब, पाद्रीबुवा, महापौरसाहेब, स्वयंपाकघरातल्या भगिनी, आणि कॉफी गार होईपर्यंत माझं ऐकून घेणारे तुम्ही सगळे, मी आपला ऋणी आहे. बोलण्याची मला सवय नाही. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला थट्टा बोचली असेल, तर आडदांड कॅचर समजून पदरात घ्या. आणि ऑरिन, आपण हरलो नव्हतो रे. जिंकलो होतो आपण.

बसतो.